पितरांचा दिवस, सैनिकांचा दिवस : जपानमधील मिशनरी आणि मृतांचे स्मरण

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी परदेशांतून धाडलेली पत्रे आणि वृत्तांत आपल्याकडे बहुधा दोन प्रयोजनांनी वाचले जातात. एक प्रयोजन भाषेतिहासाचे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) किंवा विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) यांच्याकडे आपण याच वाटेने जातो. दुसरे प्रयोजन धर्मांतराच्या वादाचे. तेथे या लेखनातून वादीप्रतिवादी आपापल्या सोयीचे पुरावे वेचतात. या दोन्ही वाचनांत एक साधा प्रश्न मागे राहतो. परक्या गावात वर्षानुवर्षे राहिलेला हा मनुष्य तेथील सणावाराच्या दिवशी करीत काय होता? विशेषतः जो दिवस मृतांच्या स्मरणाचा आहे, त्या दिवशी सारा गाव रस्त्यावर असताना तो दार लावून आत बसत होता, की खिडकीतून पाहत होता, की बाहेर येऊन गर्दीत उभा राहत होता?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न जपानच्या संदर्भात मांडावयाचा आहे. जपानची निवड करण्यास कारण आहे. तेथे पितरांचे स्मरण आणि युद्धात पडलेल्यांचे स्मरण हे दोन प्रवाह एकमेकांत इतके मिसळले आहेत की परक्या मनुष्यास एकाचा स्वीकार करून दुसऱ्याला नकार देणे फार कठीण जाते. हे मिश्रण १५ ऑगस्ट या एका तारखेत दिसते. १५४९ मध्ये याच दिवशी फ्रान्सिस झेव्हियर कागोशिमा येथे उतरला. कॅथलिक पंचांगात हा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. जपानच्या बहुतेक भागांत ‘ओबोन’ हा पितरांचा सण ऑगस्टच्या मध्यास, याच सुमारास येतो. आणि १९४५ मध्ये याच दिवशी सम्राटाने नभोवाणीवरून युद्धसमाप्ती घोषित केली. (भारताच्या स्वातंत्र्यासाठी माउंटबॅटन यांनी हीच तारीख निवडली, ती जपानच्या शरणागतीच्या स्मृतीने. म्हणजे आपल्या राष्ट्रीय सणाचा एक धागाही तेथेच जाऊन पोचतो.)

ओबोन हा सण जपानी असला तरी त्याचे मूळ जपानी नाही. ‘उराबोन’ या पूर्ण नावाचा संबंध परंपरेने ‘उल्लंबन’ या संस्कृत शब्दाशी जोडला गेला आहे. ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. परंतु सणामागील कथा निःसंशय बौद्ध आहे. मौद्गल्यायनाला दिव्यदृष्टीने आपली आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना दिसते. तो तिला अन्न देऊ जातो, तर घास तोंडाशी जाताच त्याचे निखारे होतात. अखेर भिक्षुसंघाला दान दिल्याने तिची सुटका होते. जपानीत हाच मौद्गल्यायन ‘मोकुरेन’ झाला. जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे हा सण सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस येई, म्हणजे साधारणतः आपल्या श्रावणी पौर्णिमेस. आपला पितृपक्ष त्यानंतर एका महिन्याने. जपानने १८७३ मध्ये ग्रेगरियन कालगणना स्वीकारल्यावर बहुतेक गावांनी सण महिनाभर पुढे नेऊन ऋतूशी मेळ राखला; तोक्योत मात्र तो जुलैतच राहिला. पितर घरी येतात, त्यांच्यासाठी दारात दिवा लावावयाचा, अन्न मांडावयाचे, दोनतीन दिवसांनी त्यांना पुन्हा निरोप द्यावयाचा, ही कल्पना मराठी वाचकास समजावून सांगावी लागत नाही. फरक वातावरणाचा आहे. आपल्या पितृपक्षात मंगलकार्ये थांबतात, ओबोनमध्ये गाव फेर धरून नाचते.

झेव्हियरला जपानची वाट ज्याने दाखविली तो आंजिरो हा कागोशिमाचा रहिवासी. मलाक्केत त्याची झेव्हियरशी गाठ पडली आणि १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा होऊन तो ‘पाउलो द सांता फे’ झाला. जपानविषयी झेव्हियरला जे काही ठाऊक होते ते बव्हंशी या एका माणसाच्या तोंडून. त्याच्याच सल्ल्याने त्याने ख्रिस्ती ईश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. तो महावैरोचन बुद्धाचा वाचक असल्याचे पुढे ध्यानी आल्यावर त्याने तो टाकून ‘देउस’ हा शब्दच जपानीत आणला. विरोधकांनी मग त्याचे ‘दाइउसो’, म्हणजे ‘महाअसत्य’, असे विडंबन केले. भाषांतराच्या अभ्यासकांना हा प्रसंग परिचित आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रसंग दुसराच आहे. तो झेव्हियरने जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून यूरोपला लिहिलेल्या पत्रात आला आहे.

यामागुची येथील नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला विचारले, की आमचे जे आईबाप, जी मुलेबाळे हा धर्म ऐकण्यापूर्वीच मरण पावली, त्यांचे काय? त्यांच्यासाठी प्रार्थना करून, दानधर्म करून काही होईल का? झेव्हियरने उत्तर दिले, की नरकातून सुटका नाही. तेव्हा ते लोक रडले. हे रडणे त्याने लपविले नाही. आपल्या स्नेह्यांना असे उपायहीन दुःखात पाहून आपल्यालाही वाईट वाटले, असे तो लिहितो. या काही ओळींत सारा पेच आहे. ज्या समाजाला मौद्गल्यायनाच्या कथेने शिकविले होते की मेलेल्या आईसाठी मागे राहिलेल्याला काही तरी करता येते, त्याला हा पाहुणा सांगत होता की काही करता येत नाही. जपानी माणसाला नवा देव अवघड वाटला नाही. अवघड वाटला तो जुन्या मृतांचा त्याग.

झेव्हियरनंतरच्या जेझुइटांनी या रडण्याचा अर्थ ओळखला असावा. त्यांनी ख्रिस्ती अंत्यविधी थाटाने, मिरवणुकीने, मेणबत्त्यांच्या उजेडात करण्यावर भर दिला. गरिबाच्या प्रेतालाही सन्मानाने पोचविले जाते, हे पाहून बिगरख्रिस्ती लोक प्रभावित झाल्याचे उल्लेख त्यांच्या पत्रांत येतात. स्वतः ओबोनचे वर्णनही त्यांनी केले. गास्पार व्हिलेला याने १५६० च्या दशकाच्या आरंभी क्योतो व साकाई भागांतून लिहिलेल्या पत्रांत तेथील सणांविषयी तपशिलाने लिहिले आहे. दिवे, अन्नाची ताटे, पितरांना सामोरे जाणारी माणसे हे सारे तो सैतानाची करणी म्हणून नोंदतो खरा, पण नोंदतो बारकाईने. पुढे लुइस फ्रोइश या पोर्तुगीजाने १५८५ मध्ये यूरोपीय व जपानी रीतींची तुलना करणारी छोटी पुस्तिका लिहिली. आम्ही शोकात काळे नेसतो, हे पांढरे, अशा धर्तीची शेकडो जोडवाक्ये तीत आहेत. निर्णय जवळजवळ नाही. केवळ निरीक्षण आहे. तुलनात्मक अभ्यासाचा इतका कोरडा आणि इतका चोख नमुना त्या शतकात क्वचितच सापडेल.

ही तटस्थता कोठून आली, याचे उत्तर शोधावयाचे तर गोव्याकडे पाहावे लागते. व्हिलेला आणि फ्रोइश हे दोघेही गोव्यातूनच जपानला गेले होते. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या प्रांतिक परिषदेने स्थानिक विधींवर निर्बंध घातले, आणि १७३६ च्या जाहीरनाम्यापर्यंत नवख्रिस्त्यांच्या लग्नातील विडा, गाणी, तुळस यांपर्यंत हे निर्बंध येऊन पोचले. संघ तोच, शिक्षण तेच, सण पाहण्याची दृष्टीही मूलतः तीच. फरक एवढाच, की गोव्यात त्यांच्या पाठीशी सत्ता होती, क्योतोत ते पाहुणे होते. जेथे बंदी घालता येते तेथे वर्णन करण्याची गरज पडत नाही. जेथे बंदी घालता येत नाही तेथे पाहावे लागते, विचारावे लागते, लिहावे लागते. संघाचा पौर्वात्य निरीक्षक आलेस्सांद्रो व्हालिन्यानो याने १५८१ च्या सुमारास जपानमधील आपल्या सहकाऱ्यांसाठी जपानी शिष्टाचारांची एक नियमावलीच रचली: कोणापुढे किती वाकावे, कोणाला दारापर्यंत पोचवावे, चहा कसा द्यावा. साष्टीत असे काही रचण्याचे कोणास कारण नव्हते. तेथे स्टीफन्सने ओवी घेतली, ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. सण घेतले नाहीत.

सत्तेचे पारडे जपानात लवकरच उलटे फिरले. बंदी मिशनऱ्यांवर आली, आणि ख्रिस्ती म्हणून संशयित असलेल्यांना मरियेच्या किंवा ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावण्याची प्रथा सुरू झाली. नागासाकीत ही ‘एफुमी’ दर वर्षी पहिल्या महिन्याच्या आरंभी होई. कालांतराने तिचे एक वार्षिक कर्तव्य झाले, आणि कर्तव्याचा सण झाला. मारुयामा वस्तीतील गणिका त्या दिवशी नवी वस्त्रे लेवून प्रतिमेवर पाय ठेवावयास येत आणि त्यांना पाहण्यास गर्दी लोटे. हायकूच्या परंपरेत ‘एफुमी’ हा वसंत ऋतूचा सूचक शब्द म्हणून नोंदला गेला आहे. छळाच्या विधीचे ऋतुचिन्ह होते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहण्यासारखी आहे. एंदो शुसाकु यांच्या ‘चिन्मोकु’ (१९६६) या कादंबरीमुळे त्या पावलाखालची प्रतिमा जगभर पोचली. त्या पावलांभोवतीची बघ्यांची गर्दी मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक १८७३ मध्ये काढले गेले आणि मिशनऱ्यांचा दुसरा काळ सुरू झाला. या काळात त्यांच्यासमोर आलेला मृतांचा दिवस निराळा होता. १८६९ मध्ये तोक्योत यादवी युद्धात सम्राटाच्या बाजूने पडलेल्यांसाठी एक मंदिर उभारले गेले. १८७९ मध्ये त्याला ‘यासुकुनी’ हे नाव मिळाले. पुढील प्रत्येक युद्धात सम्राटासाठी मेलेल्यांची नावे तेथे नोंदली जात. नाव नोंदले की ती व्यक्ती ‘कामी’ होई, देवत्व पावे. आज अशी सुमारे २४ लाख ६६ हजार नावे तेथे आहेत. ओबोनमध्ये ज्याचे त्याचे पितर ज्याच्या त्याच्या घरी येत. यासुकुनीत राष्ट्राचे मृत राष्ट्राच्या घरी येऊ लागले. घरचा विधी राज्याने आपल्या अंगणात नेला, असे थोडक्यात म्हणता येईल. वसंतात आणि शरदात तेथे महोत्सव होत आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी रांगेने नमन करावयास नेले जात.

मे १९३२ मध्ये तोक्योच्या जोची विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तेथे नियुक्त असलेला लष्करी अधिकारी यासुकुनीला घेऊन गेला. हे विद्यापीठ जेझुइटांनी १९१३ मध्ये स्थापिलेले. त्या विद्यार्थ्यांपैकी दोनतीन कॅथलिक मुलांनी मान लववली नाही. वरवर पाहता एवढीच घटना. पण लष्कराने आपला अधिकारी विद्यापीठातून काढून घेण्याची भाषा सुरू केली, आणि त्या काळी लष्करी प्रशिक्षणाविना पदवीधर तरुणांना मिळणाऱ्या सैन्यसेवेतील सवलती बुडत. वृत्तपत्रांत कॅथलिकांच्या राष्ट्रनिष्ठेवर हल्ले होऊ लागले.

तोक्योचे आर्चबिशप शांबों यांनी सप्टेंबरात शिक्षणमंत्रालयाला पत्र लिहून विचारले, की या नमनाचा अर्थ काय? ते धार्मिक आहे, की नागरी? मंत्रालयाचे उत्तर थोडक्या दिवसांत आले. विद्यार्थ्यांकडून जे ‘केइरेइ’ अपेक्षिले जाते ते देशप्रेम आणि राजनिष्ठा व्यक्त करण्यापलीकडे काही नाही, असा त्याचा आशय होता.

सारे प्रकरण ‘केइरेइ’ या एका शब्दावर उभे आहे. त्याचा अर्थ सलामी, अभिवादन, आदराने केलेले वंदन. देवपूजेसाठी जपानीत वेगळे शब्द आहेत. पण कमरेतून वाकलेल्या शरीराला शब्द चिकटवलेला नसतो. आपल्या ‘नमस्कारा’चा विचार केला तर ही अडचण लगेच उमगते. पाहुण्याला, गुरूला, देवाला आणि चितेवरच्या देहाला आपण त्याच दोन हातांनी एकच नमस्कार करतो, आणि त्यातला कोणता ‘धार्मिक’ हे कोणी विचारले तर गोंधळून जातो. मंत्रालयाला तो गोंधळ नव्हता. मंदिराचा पुजारी, पवित्र आरसा, नावे देवत्वास नेण्याचा रात्रीचा विधी हे सारे तेथे असतानाही त्याने अर्थ लेखी निश्चित करून दिला, आणि चर्चने तो स्वीकारला. २६ मे १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार मंडळाने सूचनापत्र काढून कॅथलिकांना अशा समारंभांत भाग घेण्याची अनुज्ञा दिली. कारण हे समारंभ नागरी स्वरूपाचे आहेत असे शासन आणि सुशिक्षित लोकमत मानते.

या निर्णयाकडे केवळ भित्रेपणा म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यामागे तीन शतकांचा वाद होता. मदुरेत रोबेर्तो द नोबिली याने जानवे, गंध, शेंडी ही सामाजिक चिन्हे आहेत, धार्मिक नव्हेत, असा युक्तिवाद केला होता आणि १६२३ मध्ये पोपने तो मान्यही केला होता. चीनमध्ये रिच्चीच्या अनुयायांनी पूर्वजपूजेविषयी हेच म्हटले. परंतु १७४२ मध्ये चिनी विधींवर आणि १७४४ मध्ये ‘मलबारी’ विधींवर रोमने कडक निर्बंध कायम केले. चीनविषयीची बंदी १९३९ मध्ये उठली, ती जपानच्या उदाहरणानंतरच. नोबिलीचा युक्तिवाद अखेर विजयी झाला असे म्हणता येईल. मात्र दोहोंत एक भेद आहे, आणि मला तो निर्णायक वाटतो. मदुरेतील जानव्याचा अर्थ समाजाच्या व्यवहारातून शोधला गेला. यासुकुनीतील नमनाचा अर्थ शिक्षणमंत्रालयाकडून मागवला गेला. मृत कोणाचे आणि त्यांच्यापुढे वाकण्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार एकदा राज्याकडे गेला की पाहुण्याच्या सोयीची किंमत यजमानाला द्यावी लागते.

ती कोणी दिली हे कोरियात दिसले. जपानच्या ताब्यातील या देशात शिंतो मंदिरांतील वंदन शाळांवर लादले गेले, तेव्हा प्याँगयाँगच्या सुंगसिल महाविद्यालयाचे अमेरिकन प्राचार्य जॉर्ज मॅक्यून यांनी ते नाकारले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. ते अमेरिकेस परतले. मिशनने पुढे आपल्या शाळा बंद केल्या. सुंगसिल १९३८ मध्ये बंद झाले. मेथॉडिस्टांनी निराळी वाट धरून वंदन मान्य केले. मिशनऱ्यांपुढे असे पर्याय होते: नकार द्यावा, मान्य करावे, किंवा बोटीत बसावे. कोरियन प्रेस्बिटेरियन चर्चला तिसरा पर्याय नव्हता. सप्टेंबर १९३८ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात तिच्या महासभेने वंदनाच्या बाजूने ठराव केला. तो न मानणारे पाद्री तुरुंगात गेले. त्यांपैकी चु कि-चोल हे एप्रिल १९४४ मध्ये प्याँगयाँगच्या तुरुंगात मरण पावले. मिशनऱ्यांच्या आठवणींत मॅक्यून यांच्या नकाराला मोठे स्थान मिळते आणि ते उचितही आहे. पण चु यांच्या मृत्यूशेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्याचे मोल ठरवता येत नाही.

तिसरा काळ १९४५ च्या ऑगस्टात सुरू झाला. यात मिशनरी हा पाहणारा राहिला नाही. हिरोशिमाच्या नागात्सुका येथे जेझुइटांचे नवदीक्षितांचे घर होते आणि त्याचे प्रमुख पेद्रो आर्रूपे हे स्पॅनिश गृहस्थ. त्यांनी तारुण्यात माद्रिदला वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. डिसेंबर १९४१ मध्ये यामागुची येथे हेरगिरीच्या संशयावरून त्यांना महिनाभर कोठडीत ठेवले गेले होते. ६ ऑगस्टला त्यांनी ते घर रुग्णालय केले आणि दीडशेच्या आसपास जळालेल्या माणसांवर उपचार केले. दुसऱ्या पहाटे त्यांनी ज्या प्रार्थनागृहात मिस्सा अर्पण केली ते जखमींनी भरले होते. त्यांतल्या बहुतेकांना हा विधी काय आहे याची कल्पनाही नव्हती. शहरातील मिशनघरात फादर ह्यूगो लासाल स्वतः जखमी झाले. त्यांचे सहकारी क्लाइनझोर्ग यांना जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’ने (१९४६) जगाला परिचित केले. योहानेस सीमेस यांचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत तर अमेरिकन सैन्याच्या अहवालातच समाविष्ट झाला. त्याच्या अखेरीस, सर्वंकष युद्धात असे अस्त्र वापरणे नैतिक ठरते का, यावर मिशनऱ्यांत मतभेद झाल्याचे ते प्रामाणिकपणे नोंदतात. हे सारे बहुतांशी जर्मन होते, म्हणजे पराभूत मित्रराष्ट्राचे नागरिक; त्यांच्या लेखनात विजेत्याचा सूर नसण्याचे हेही एक कारण.

नागासाकीत ९ ऑगस्टच्या सकाळी उराकामीच्या चर्चमध्ये दोन जपानी धर्मगुरू पापनिवेदने ऐकत होते, कारण १५ तारखेचा स्वर्गारोहणाचा सण जवळ आला होता. त्या वस्तीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मारले गेले असे सांगितले जाते. २३ नोव्हेंबरला भग्न चर्चसमोर झालेल्या स्मरणविधीत नागाइ ताकाशी यांनी भाषण केले. ते मिशनरी नव्हते; उराकामीचे कॅथलिक, क्षकिरणतज्ज्ञ, बाँबस्फोटात पत्नी गमावलेले. पण मिशनऱ्यांनी आणलेल्या शब्दांचे ते वारस होते. मृतांसाठी त्यांनी ‘हान्साइ’ हा बायबलच्या जपानी भाषांतरातील शब्द योजला, ज्याला मराठी बायबलात ‘होमार्पण’ म्हणतात. युद्धाच्या यज्ञवेदीवर उराकामी ही निर्दोष आहुती ठरली, आणि युद्ध संपले तो दिवस मरियेच्या सणाचा होता हा केवळ योगायोग आहे काय, असा त्यांचा आशय. झेव्हियरने यामागुचीत जे उत्तर नाकारले होते, ते जणू चारशे वर्षांनी एका जपानी ख्रिस्त्याने स्वतःच शोधले: मेलेल्यांसाठी काही करता येत नसेल, तर निदान त्यांच्या मरणाला काही अर्थ तरी असो. पुढे या मांडणीवर कठोर टीका झाली. बाँब टाकणारे आणि युद्ध लांबविणारे दोघेही तीत जबाबदारीतून सुटतात, हा ताकाहाशी शिंजी प्रभृतींचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. तरी ते भाषण ज्यांच्यापुढे झाले त्यांच्या हातात नातलगांची हाडे होती, हे विसरून त्याचे परीक्षण करता येत नाही. त्याच शहरात ओबोनच्या अखेरीस, १५ ऑगस्टलाच, वर्षभरातील मृतांसाठी सजविलेल्या नावा फटाक्यांच्या कडकडाटात रस्त्यांवरून ओढीत नेल्या जातात. शोकाला आवाज असावा की मौन, हे कोणत्याही एका धर्माने ठरविलेले नाही.

लासाल यांनी १९४८ मध्ये जपानी नागरिकत्व घेऊन एनोमिया माकिबी हे नाव धारण केले, पुढे झेन साधनेवर ग्रंथ लिहिले, आणि हिरोशिमात जगभरच्या देणग्यांतून एक स्मारकचर्च उभे केले. त्याच्या आराखड्यासाठी १९४८ मध्ये स्पर्धा झाली. परीक्षकांनी पहिले पारितोषिक कोणासच दिले नाही आणि अखेर परीक्षकांपैकीच एक, मुरानो तोगो, यांनी ते रचले. (परीक्षकाने स्वतःच काम घेतल्याबद्दल तेव्हा बरीच कुजबुज झाली.) करड्या सिमेंटच्या विटांची ही वास्तू ६ ऑगस्ट १९५४ रोजी समर्पित झाली. तिच्या घंटा जर्मनीतील बोखुमहून आल्या, तेही बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेले शहर. त्या सायंकाळी नदीवर कागदी कंदील सोडण्याची प्रथा हिरोशिमात दशकाच्या आरंभापूर्वीच रुळली होती. ती मूळची ओबोनची. आता तिच्यात सर्व पंथांचे लोक कंदिलावर आपल्या मृतांची नावे लिहितात.

१९८१ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमास आले. त्यानंतर, १९८२ पासून, जपानी कॅथलिक चर्च ६ ते १५ ऑगस्ट हे दहा दिवस शांतिप्रार्थनेचे म्हणून पाळते. हिरोशिमा, नागासाकी, स्वर्गारोहण, ओबोन, युद्धसमाप्ती हे सारे त्या दहा दिवसांत येते. प्रॉटेस्टंटांच्या क्योदान या संयुक्त चर्चने त्याआधीच, १९६७ च्या ईस्टरला, युद्धकाळातील आपल्या सहभागाची जाहीर कबुली दिली होती. १९८५ मध्ये कॅथलिक बिशपांनी पूर्वज व मृत यांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. घरातील बौद्ध देव्हारा ठेवावा का, उदबत्ती लावावी का, शेजाऱ्याच्या अंत्यविधीस जावे का, अशा अगदी घरगुती प्रश्नांची तीत सौम्य उत्तरे आहेत. यामागुचीच्या लोकांनी १५५१ च्या सुमारास विचारलेला प्रश्नच तो. या वेळी उत्तर देणारे जपानी होते.

राज्याच्या मृतांचा प्रश्न मात्र मिटला नाही. डिसेंबर १९४५ मध्ये विजेत्यांच्या आदेशाने शिंतो राज्यापासून अलग झाला आणि यासुकुनी खासगी धार्मिक संस्था बनले. दहा वर्षांपूर्वी जे नमन ‘नागरी’ ठरवून दिले होते ते कायद्याने एका दिवसात ‘धार्मिक’ झाले. वाकणारी पाठ तीच राहिली. तरी १९४७ पासून तेथे जुलैच्या ओबोनकाळात ‘मितामा’ हा दिव्यांचा उत्सव भरू लागला. १९७८ मध्ये १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावे तेथील देवतांत घातली गेली. तोक्यो खटल्यात सर्वांना निर्दोष ठरविणारा भिन्नमत-निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे स्मारकही २००५ मध्ये त्या आवारात उभे राहिले. तेथे जाणाऱ्या भारतीयाला ते पाहून अभिमान वाटावा अशी अपेक्षा असते. पालांनी युद्धाचे समर्थन केले नव्हते, जेत्यांच्या न्यायाची वैधता नाकारली होती. पण स्मारकाच्या शिळेला हा भेद सांगता येत नाही.

आणि पुन्हा यामागुची. स्वसंरक्षण दलातील एक अधिकारी १९६८ मध्ये कामावर असताना वाहन-अपघातात मरण पावला. त्याची पत्नी नाकाया यासुको ख्रिस्ती होती आणि पतीचे स्मरण आपल्या धर्माच्या रीतीने करीत होती. १९७२ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने, दलाच्या स्थानिक कार्यालयाच्या साहाय्याने, तिच्या विरोधाला न जुमानता त्याचे नाव यामागुचीच्या गोकोकु मंदिरात ‘कामी’ म्हणून नोंदविले. ती न्यायालयात गेली. १९७९ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १९८२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. १ जून १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४ विरुद्ध १ मताने तो फिरविला: नोंदणी खासगी संघटनेने केली असून इतरांच्या धर्माचरणाविषयी तिने सहिष्णुता दाखविली पाहिजे. भिन्नमत नोंदविणारे एकटे न्यायमूर्ती इतो मासामी होते. पतीचे नाव त्या मंदिरात तसेच राहिले.